एअरपोर्टला ट्रेननं कसं जायचं? मुंबईचा ७६ वर्षं जुना प्रश्न

ज्यांना कानात इयरफोन घालून ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार. बोलताना जे अडखळले ते काढून टाकलंय, बाकी तसंच ठेवलंय.

तर सुरुवात माझ्या फजितीपासून. २०१९. बंगळुरूला इंटरव्ह्यू, आयुष्यातलं पहिलं विमान. मी डोंबिवलीची. घाटकोपरपर्यंत लोकल, मग मेट्रो. मेट्रोच्या नकाशावर चक्क ‘एअरपोर्ट रोड’ नावाचं स्टेशन! म्हटलं, झालं काम. उतरले, जिन्यावरून खाली आले, आणि समोर फक्त अंधेरी-कुर्ला रोडचं ट्रॅफिक. विमानतळ कुठेच नाही. रिक्षा केली, तर रिक्षावाले काका म्हणाले, "मॅडम, वरच्या पुलावर रिक्षाला परवानगी नाही, खाली सोडतो." मग उरलेलं अंतर बॅग ओढत. घामाघूम होऊन आत शिरले तेव्हा चेक-इन बंद व्हायला दहा मिनिटं होती.

तेव्हापासून डोक्यात किडा होता. ज्या शहरात भारतातली पहिली पॅसेंजर ट्रेन धावली, तिथे विमानतळाला ट्रेन का नाही?

थोडं मागे जाऊ. १९२८. त्या वर्षी जानेवारीत कुलाबा ते बोरिवली विजेवरची लोकल सुरू झाली. त्याच वर्षी, त्याच लाइनच्या पश्चिमेला, जुहूला विमानतळ सुरू झाला. म्हणजे ही जुळी भावंडंच की! १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले ते इथेच. पण त्या विमानात प्रवासी नव्हते, टपाल होतं. पोत्याला कोण विचारणार, ‘बाबा, स्टेशनवरून कसा आलास?’ जुहूची धावपट्टी पावसात चिखलात जायची, टाटांना पावसाळ्यात मुक्काम पुण्याला हलवावा लागायचा. पुढे युद्धाच्या काळात सांताक्रूझला मोठी धावपट्टी तयार झाली आणि १९४८ मध्ये प्रवासी विमानं जुहूहून तिकडे गेली. १९५८ ला तिथे नवं टर्मिनल झालं.

आता एक गंमत. नाव सांताक्रूझ विमानतळ, पण जवळचं स्टेशन विलेपार्ले! नावावर विश्वास ठेवून सांताक्रूझला उतरलेले किती जण चडफडले असतील. (म्हणजे ‘एअरपोर्ट रोड’वाली मी पहिली नाही.) पार्ल्याच्या आसपास लोकलच्या दारात उभं राहिलं की डोक्यावरून विमान जातं, त्याची चाकं दिसतात. इतकं जवळ. आणि तरी रुळांपासून टर्मिनलपर्यंतचा तो शेवटचा तुकडा कुणी जोडला नाही.

का? मला वाटतं कारण साधं आहे. १९५० च्या दशकात विमानानं जाणारा माणूस लोकलनं येईल, ही कल्पनाच कुणाला शिवली नसणार. विमानाचं तिकीट काढणाऱ्याकडे गाडी असणार, नाहीतर टॅक्सीचे पैसे तरी. शहरातल्या ऑफिसमधून प्रवाशांना बसमध्ये बसवून विमानापर्यंत न्यायचं, ही एअरलाइन्सची पद्धत तेव्हा जगभर होती. लंडनमध्येही असंच होतं. पण हीथ्रो १९४६ ला सुरू झाला आणि १९७७ ला पिकॅडिली लाइन थेट टर्मिनलखाली पोहोचली. एकतीस वर्षं. लांब कशाला, आपल्या चेन्नईत विमानतळाच्या समोरच तिरुसुलम हे लोकलचं स्टेशन आहे.

आपल्याकडे गडबड अशी झाली की प्रवासी बदलला, रस्ता बदलला नाही. १९७३ नंतर तेलाच्या पैशावर आखातात बांधकामं सुरू झाली. केरळातून, कोकणातून, मुंबईच्या चाळींतून वेल्डर, फिटर, ड्रायव्हर, स्वयंपाकी निघाले. १९८१ ला सहारचं आंतरराष्ट्रीय टर्मिनल सुरू झालं, तेव्हा तिथल्या रांगेत सुटाबुटातल्या साहेबांबरोबर हेही होते. यांच्याकडे गाडी नव्हती.

माझे मोठे काका त्यातलेच. १९९४ ला मस्कतला गेले, एसी मेकॅनिक म्हणून. विमान पहाटे चारचं. ही गोष्ट आमच्या घरी दर गणपतीत कुणीतरी काढतंच, त्यामुळे मला पाठ आहे. संध्याकाळी सातला सगळे डोंबिवलीहून निघाले. काका, काकू, माझे बाबा आणि दोरीनं बांधलेली मोठी बॅग. लगेजच्या डब्यातून दादर, पूल ओलांडून वेस्टर्न, अंधेरी, तिथून रिक्षा. काका आत गेले. काकू आणि बाबा बाहेर कठड्यापाशी. काच होती, पण आतलं काही दिसेना. आणि मग खरा प्रश्न, परत कसं जायचं? शेवटची लोकल कधीच गेलेली. टॅक्सीवाल्यानं सांगितलेला आकडा ऐकून बाबा गप्प बसले. दोघं अंधेरी स्टेशनच्या बाकावर पहिल्या लोकलची वाट बघत बसले. काकू सांगते, "वर विमानाचा आवाज आला की वाटायचं, हेच असेल ह्यांचं."

तर असा तो शेवटचा तुकडा.

आता २०१४. हे वर्ष मला फार बोलकं वाटतं. फेब्रुवारीत नवं टर्मिनल २ सुरू झालं आणि त्याच्याबरोबर हायवेवरून थेट टर्मिनलच्या दारात नेणारा सहारचा उन्नत रस्ता. जेमतेम दोन किलोमीटर. गाडीवाल्यांना एकही सिग्नल नाही, आणि रिक्षाला बंदी. त्याच वर्षी ८ जूनला मुंबईची पहिली मेट्रो सुरू झाली, वर्सोवा ते घाटकोपर, ११.४ किलोमीटर. (८ जून ही तारीखही काय योगायोग! १९४८ ला एअर इंडियाचं पहिलं लंडनचं विमान याच तारखेला उडालं होतं.) म्हणजे गाड्यांचा रस्ता दारापर्यंत गेला आणि मेट्रो मात्र जवळून निघून गेली, नुसतं नाव लावून.

शेवटी ७ ऑक्टोबर २०२४ ला मेट्रो ३ चा आरे ते बीकेसी टप्पा लोकांसाठी उघडला. टर्मिनल १ ला स्टेशन, टर्मिनल २ ला स्टेशन. वर्षभरात ती कफ परेडपर्यंत गेली. हिशोब करा, १९४८ ते २०२४. छहात्तर वर्षं! हे फुकट झालेलं नाही, हेही सांगते. याच मेट्रोच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेत दोन हजारांहून जास्त झाडं तोडली गेली. मी त्या महिन्यात बंगळुरूला नव्या नोकरीत होते, फोनवर ते व्हिडिओ बघत होते. आज त्याच मेट्रोत बसताना बरंही वाटतं आणि ते आठवतंही. दोन्ही खरं आहे.

आणि हो, सेंट्रलवाल्यांनी लक्षात ठेवा. घाटकोपरहून मेट्रो १ पकडलीत तर ‘एअरपोर्ट रोड’ला उतरायचं नाही! त्याच्या एक स्टेशन आधी, मरोळ नाक्याला उतरायचं. तिथे मेट्रो ३ बदलायची, पुढचंच स्टेशन टर्मिनल २. ‘एअरपोर्ट’ नावाच्या स्टेशनला न उतरता एअरपोर्ट गाठायचा, हे फक्त मुंबईतच होऊ शकतं.

अर्थात अजून एक भोक आहेच. मेट्रो रात्री बंद असते, आणि आखाताची कितीतरी विमानं रात्री-पहाटेच उडतात. शिवाय बॅगा चढवणारे, साफसफाई करणारे, सिक्युरिटीवाले, यांची शिफ्ट मेट्रोचं टाइमटेबल बघून लागत नाही. काकांसारखा माणूस आज निघाला तर त्याला सोडायला आलेले लोक पहाटे परत कसे जातील? ते अजूनही बाकावरच.

गेल्या महिन्यात मी बंगळुरूला परत निघाले तेव्हा काकू हट्टानं सोडायला आली. काका जाऊन तीन वर्षं झाली. घाटकोपरच्या गर्दीत तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. मरोळला बदललं, सरकत्या जिन्यावर ती जरा घाबरली. टर्मिनल २ च्या स्टेशनातून बाहेर आलो, थोडं चाललो. दारापाशी पोहोचल्यावर तिनं घड्याळ बघितलं.

"एवढंच?" ती म्हणाली. मग जरा वेळानं, "अगं, परतीची शेवटची कितीला आहे?"

दुपारचे तीन वाजले होते.