भाव बोल

चैत्र, 1921. मुळशी पेट्यातल्या एका गावच्या चावडीपुढे तुम्ही उकिडवे बसला आहात. हातांना राबाची राख आहे. पहाटेच दाढ भाजून आलात. मृग लागायच्या आत आंबेमोहोराचं बी पडायला हवं. ओट्यावर रावसाहेब कागद वाचतायत. निळा-मुळेच्या संगमावर टाटा कंपनी धरण बांधणार, पाणी घाटाखाली सोडणार, त्यातून वीज होणार आणि मुंबईच्या गिरण्या चालणार. तुमचं शेत, घर, देऊळ, मसणवट सगळं पाण्याखाली.

तुम्ही उठता. "रावसाहेब, पर आमाला द्यायचीच न्हाई तर?"

तलाठी हसतो. "खाली बस. बोलायचं तर भावाचं बोल."

तो काही मुद्दाम खवचटपणा करत नाहीये. 1894चा भूसंपादन कायदा असंच बोलतो. जमीन सार्वजनिक कामाला किंवा कंपनीला हवी आहे असं सरकारनं एकदा जाहीर केलं, की ते जाहीर करणं हाच त्याचा अखेरचा पुरावा. हे सहाव्या कलमात लिहिलंय. मोजणी, हिस्सा, किंमत यांवर तुम्ही हवं तेवढं भांडा. द्यायची की नाही, हा प्रश्नच कागदावर नाही. हरकती ऐकून घ्यायचं 5-अ कलम त्यात 1923 साली येईल. तुम्ही दोन वर्षं लवकर पोचलात.

भावाचंही तुम्ही काय बोलणार म्हणा! आजानं काढलेल्या कर्जात जमीन केव्हाच पुण्याच्या सावकाराच्या नावावर गेली. तुम्ही आता तिचे कूळ. नांगर तुमचा, राब तुमचा, भरपाई मात्र ज्याचं नाव त्याची. त्याच्या वाड्यावर गेलात तरी पायताण बाहेर काढून अंगणातच उभं राहायचं. रावसाहेब, तलाठी, सावकार, सगळे तुम्हाला 'तू' म्हणतात आणि तुम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही.

घरी येता. बायको चुलीपुढे नाचणीची भाकरी थापतेय. थोरलीचं लग्न परवाच ठरवून आलात.

"आवं, पोरीला एकडाव इचारावं, म्हंते मी."

"तिला काय इचारायचं? देज किती घ्यायचं ते ठरलंय."

पोर दारामागे उभी आहे. तुम्ही तिच्याकडे बघतसुद्धा नाही. अंगावर ओरडला नाहीत, हात उगारला नाहीत; आपण भले बाप आहोत याची तुम्हाला खात्री आहे. रावसाहेबही स्वतःला भलाच समजतो. हुकूम चालवणारा माणूस रागीटच असतो अशी आपली एक समजूत आहे. पेट्यात फिरून बघा, बहुतेक हुकूम थंड आवाजात सुटतात.

16 एप्रिल, रामनवमी. तुम्ही शेकडो मावळ्यांबरोबर धरणाच्या कामावर जाऊन बसता. घोषणा एकच: जान किंवा जमीन. पांडुरंग महादेव बापट पुढे आहेत. विलायतेला जाऊन बॉम्बची विद्या शिकून आलेला हा माणूस इथे हात न उगारता बसायला सांगतोय. 'सेनापती' हे नाव त्यांना इथेच चिकटेल. विनायकराव भुस्कुटे गावोगाव हिंडतायत. थोड्याच दिवसांत गांधीही 'यंग इंडिया'त टाटांना समजुतीचे चार शब्द लिहितील. आणि बायाही आल्यात. तुमची बायको आणि थोरली तुमच्या चार हात पुढे बसल्यात. शिपाई उठ म्हणतो, पोर उठत नाही. तिला 'नाही' म्हणता येतं, हे तुम्हाला आज कळतंय.

काम काही काळ थांबतं, पुन्हा सुरू होतं. मग पुण्याच्या बैठकांत सावकार मंडळी हळूहळू भरपाईच्या आकड्याकडे वळतात. त्यात सावकारांचं फारसं काही बुडत नव्हतं. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा: तिथंही कुळाला कुणी विचारलं नाही. गावं एकेक करून मोडतात. 1924च्या डिसेंबरात बापट कंपनीची आगगाडी अडवतात आणि सात वर्षं तुरुंगात जातात. 1927ला घाटाखाली भिऱ्याचं वीजघर फिरू लागतं.

आता परत या. पौडवरून ताम्हिणीकडे निघालेल्या मोटारी तलावापाशी फोटोला थांबतात. शेजारच्या फार्महाऊसचा मालक रखवालदाराला 'ए' म्हणून हाक मारतो. रखवालदार त्याला 'साहेब' म्हणतो आणि फाटकाशी आलेल्या गुराख्याला 'चल, हो मागं' म्हणतो.

1894चा कायदा 2013 संपेपर्यंत टिकला. म्हणजे गोरा साहेब गेल्यावरही सहासष्ट वर्षं आपण तोच वापरला, आपल्याच माणसांवर. नव्या कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ज्यांची जमीन जाते त्यांतल्या ऐंशी टक्के कुटुंबांची संमती लागते. त्या जमिनीवर पोट असलेलं कूळही बाधितांत धरलंय, संमतीच्या मोजणीत मात्र नाही. आणि सज्ञान मुलगी, लग्न झालेलं असो वा नसो, वेगळं कुटुंब मानलीय. तिच्या वतीनं बापाला सही करता येत नाही.