रांगेचा फायदा सर्वांना

शेअर बाजार म्हटलं की अजूनही डोळ्यांसमोर ओरडणारे, हातवारे करणारे दलाल येतात. दलाल स्ट्रीटवरच्या 'रिंग'मध्ये १९९५ पर्यंत खरंच तसं चालायचं. तुम्ही दलालाला फोन करून "शंभर घ्या" म्हणायचं. त्याचा माणूस रिंगमध्ये आरडाओरडा करून सौदा ठरवायचा आणि तुम्हाला नंतर आकडा कळायचा. नेमका किती वाजता, कुठल्या भावाला सौदा झाला, हे तपासायची काही सोय गिऱ्हाईकाकडे नव्हती. दिवसातला सगळ्यात चढा भाव माथी मारला तरी काय करणार? विश्वास ठेवायचा, बस्स!

३ नोव्हेंबर १९९४ ला राष्ट्रीय शेअर बाजारात (एनएसई) शेअर्सचे व्यवहार सुरू झाले, ते थेट कॉम्प्युटरवर. रिंग नाहीच. नियम अगदी साधा: ज्याचा भाव चांगला तो पुढे, भाव सारखा असेल तर आधी आलेला पुढे. आम्ही प्रोग्रामर मंडळी याला प्रायॉरिटी क्यू म्हणतो. पण या रांगेत कुणाचं नाव दिसत नाही, आणि उपग्रहामुळे मुंबईबाहेरच्या दलालाची ऑर्डरही त्याच रांगेत उभी राहू लागली. मार्च १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारानंही 'बोल्ट' आणलं आणि रिंगमधला गलका संपला.

आता रांगेत उभं कसं राहायचं ते तुम्ही ठरवायचं. लिमिट ऑर्डर म्हणजे "१०० च्या वर एक पैसा देणार नाही". भाव मिळेपर्यंत ती थांबते, कधी कधी रिकाम्या हाती परतते. मार्केट ऑर्डर म्हणजे "मिळेल त्या भावात द्या". ती समोरची रांग खात पुढे जाते. स्टॉप-लॉस ठरलेला भाव येईपर्यंत झोपून असते, आला की जागी होते.

गंमत अशी, की यंत्र सांगितलेलं शब्दशः ऐकतं. ५ ऑक्टोबर २०१२ ला एका दलालाकडून ५९ चुकीच्या ऑर्डरी गेल्या, ६५० कोटींच्या वर सौदे झाले. समोरच्या खरेदीदारांची रांग संपत गेली, निफ्टी क्षणात सुमारे १५ टक्के कोसळला आणि बाजार पंधरा मिनिटं बंद पडला. रिंगमध्ये कुणीतरी नक्की ओरडलं असतं, "अरे, वेडा झालास का?"

म्हणून रिंग परत हवी असं मात्र मला वाटत नाही. तिथे आपला भाव दुसरा कुणी सांगायचा, इथे तो आपण लिहितो. तेव्हा मंडळी, घाईघाईत 'मार्केट' दाबण्याआधी एकदा आकडा लिहून बघा.

असो, सोमवारी बाजार उघडेलच!