सोलापुरात सोनं कसं घेतात? एक सराफ बाजार, तीन भाषा आणि वेगवेगळी मंगळसूत्रं

लग्नसराईत सोलापूरच्या सराफ बाजारात तासभर थांबलात, तर एकाच दुकानात मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत भाव विचारलेला ऐकू येतो. मधूनच दख्खनी हिंदीही कानावर पडते. सगळ्यांना मंगळसूत्रच हवं असतं, पण प्रत्येकीच्या डोळ्यासमोरचा दागिना वेगळा असतो. सोलापुरात कोण काय घेतं, कधी घेतं आणि घेताना पैसे कुठे जातात, ते समजून घेऊ.

एवढ्या पद्धती एका शहरात कशा आल्या?

सोलापूर महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणाच्या सांध्यावर आहे. कापडाच्या धंद्यामुळे आजच्या तेलंगणातून पद्मशाली विणकर इथे आले आणि पूर्व भागात वसले. सिद्धेश्वरांच्या या गावात लिंगायत समाज मोठा आहे आणि त्यातल्या बऱ्याच घरांत कन्नड बोललं जातं. माढा, मोहोळ, बार्शीकडून मराठी शेतकरी खरेदीला येतात. त्यामुळे इथल्या सराफाला तिन्हीकडचे नमुने ठेवावे लागतात.

मंगळसूत्र वेगवेगळं कसं?

मराठी मंगळसूत्रात काळे मणी आणि दोन वाट्या असतात. एक वाटी माहेरची, एक सासरची असं मानतात. गावाकडे जुन्या बायकांच्या गळ्यात अजून डोरलं दिसतं.

तेलुगू घरांत वाट्यांच्या जागी ‘पुस्तेलु’ म्हणजे मधे उंचवटा असलेल्या दोन गोल चकत्या असतात. इथेही एक माहेरची, एक सासरची. त्या आधी हळद लावलेल्या दोऱ्यात बांधतात, पुढे ऐपत आली की सोन्याच्या साखळीत घालतात. कन्नड घरांत ‘ताळी’ आणि ‘करिमणी’ म्हणजे काळे मणी हे शब्द ऐकू येतात. दख्खनेतल्या अनेक मुस्लिम घरांतही लग्नात काळी पोत घालतात.

काही गोष्टी मात्र सगळीकडे सारख्या. पैंजण आणि जोडवी चांदीचीच, कारण कमरेखाली सोनं घालायचं नाही. बोरमाळ मराठी घरातही चालते आणि कन्नड घरातही.

खरेदी कधी होते?

पंचांगात याचं उत्तर आहे: साडेतीन मुहूर्त, म्हणजे पाडवा, अक्षय तृतीया, दसरा आणि अर्धा मुहूर्त दिवाळीचा पाडवा. शिवाय धनत्रयोदशी आणि गुरुपुष्यामृत. दर तीन वर्षांनी येणाऱ्या अधिक महिन्यात जावयाला अंगठी किंवा चांदीची वस्तू देण्याची रीत आहे. पितृपक्षात मात्र बाजार थंड असतो.

पण मुहूर्त असून भागत नाही, हातात पैसा लागतो. शेतकऱ्याची मोठी खरेदी उसाचं बिल जमा झालं की होते. विडी कामगार बाई हजार विड्यांमागे मजुरी घेते. तिच्या हातात मोठी रक्कम एकदम येत नाही, म्हणून ती भिशी लावते आणि भिशी लागली की एखादा डाग करते. आधी कानातलं, मग पोत, मग मुलीसाठी काहीतरी. एप्रिल २०२५ मध्ये १० ग्रॅमचा भाव पहिल्यांदा लाखापलीकडे गेला. तेव्हापासून एकेका डागाला जास्त वर्षं लागतात.

आजीचा तोळा मोठा होता का?

हो. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. ८ गुंजा म्हणजे एक मासा आणि १२ मासे म्हणजे एक तोळा. आज बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम. त्यामुळे आजीच्या जुन्या मापाच्या ‘पाच तोळ्यां’चं वजन ५८.३ ग्रॅम, तर आजच्या पाच तोळ्यांचं ५० ग्रॅम. घरात वाटणी करताना तोळ्यावर बोलण्यापेक्षा ग्रॅममध्ये वजन केलेलं बरं.

अजून एक घोळ. ‘एक ग्रॅम सोन्याचे दागिने’ म्हणून जे मिळतात, त्यांत एक ग्रॅम सोनं नसतं. दुसऱ्या धातूवर सोन्याचा पातळ मुलामा असतो. लग्नात मिरवायला ते ठीक, अडचणीत त्यांवर कर्ज मिळत नाही.

दागिना मोडताना तोटा का होतो?

सोलापूर हा दुष्काळी पट्टा. इथे सोनं हौसेइतकंच अडचणीसाठी घेतात. पीक गेलं, दवाखाना निघाला, फी भरायची आली, की दागिना गहाण पडतो किंवा मोडला जातो. तेव्हा फक्त सोन्याचे पैसे मिळतात.

हिशोब सोपा जावा म्हणून २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये आणि घडणावळ १२ टक्के धरू. मंगळसूत्राचं एकूण वजन १२ ग्रॅम, त्यात काळे मणी दीड ग्रॅम. म्हणजे निव्वळ सोनं १०.५ ग्रॅम.

- सोन्याची किंमत: १,०५,००० रुपये
- घडणावळ: १२,६०० रुपये
- ३ टक्के जीएसटी: ३,५२८ रुपये
- एकूण: १,२१,१२८ रुपये

हेच मंगळसूत्र दुसऱ्या दिवशी त्याच भावात मोडलं, तर जास्तीत जास्त १,०५,००० मिळतील. घडणावळ आणि कर गेला, वर सराफ घट धरतो ती वेगळी. आणि विकताना मण्यांसकट १२ ग्रॅमचा भाव लावला असेल, तर सोनं नसलेल्या दीड ग्रॅमचे १५,००० रुपये आधीच गेले.

मण्यांइतकीच काळजी पोकळ दागिन्यांत घ्यावी. पारंपरिक बोरमाळेच्या मण्यांत लाख भरलेली असते. खड्यांच्या दागिन्यांत खड्यांचं वजन असतं. अडचणीला उपयोगी पडावा असा दागिना हवा असेल, तर साध्या पाटल्या आणि बांगड्या बऱ्या. नाजूक नक्षीची घडणावळ जास्त, आणि ती परत मिळत नाही.

पावतीवर काय बघायचं?

हॉलमार्किंगची सक्ती १६ जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढे वाढत गेली. १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी लागतो. दागिन्यावर तीन खुणा शोधा: बीआयएसचं चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५०) आणि एचयूआयडी. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून तपासता येतो. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्यांना आणि कुंदन, पोलकी, जडाऊ कामाला यातून सूट आहे.

पावतीवर निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्किंगचं शुल्क वेगळं लिहिलेलं हवं. घडणावळही वेगळी मागून घ्या. हॉलमार्क असलेला दागिना कमी शुद्धतेचा निघाला, तर कमी भरलेल्या सोन्याच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागता येतो. त्यासाठी पावती लागतेच. ‘बिलाशिवाय घेतलं तर जीएसटी वाचेल’ हे ऐकून तीन टक्के वाचवणारा हा हक्क गमावून बसतो.

जुना, हॉलमार्क नसलेला दागिना घरात असेल तर घाबरू नका. तो ठेवता येतो, मोडताही येतो.

सराफाच्या भिशीत पैसे सुरक्षित असतात का?

बऱ्याच योजना ११ महिन्यांच्या असतात. कारण खरेदीची आगाऊ रक्कम ३६५ दिवसांच्या आत वस्तू देऊन संपवली नाही, तर ती ठेव ठरते आणि ठेवींचे नियम कडक आहेत. पण अशा भिशीला बँकेतल्या ठेवीसारखं विमा संरक्षण नसतं. २०१९ मध्ये ठाणे-डोंबिवलीकडच्या एका पेढीने दुकानं बंद केली आणि अनेकांचे हप्ते अडकले. त्यामुळे हप्त्यागणिक पावती घ्या आणि घरातली सगळी बचत एकाच दुकानात ठेवू नका.

शेवटी दागिना कुणाचा?

लग्नात मुलीला मिळालेलं सोनं, माहेरचं असो वा सासरचं, तिचं स्त्रीधन असतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं, की ते सासरी ठेवायला दिलं तरी त्यावर नवऱ्याची मालकी येत नाही. २०२४ मध्येही न्यायालयाने हेच सांगितलं: नवरा अडचणीत ते वापरू शकतो, पण परत करणं त्याच्यावर बंधनकारक आहे.

व्यवहारात मात्र पावती वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असते आणि दागिने लॉकरमध्ये सासूबाईंकडे असतात. वाद झाला की बाईकडे दाखवायला लग्नातले फोटो उरतात. म्हणून वाटी घ्या, पुस्तेलु घ्या की ताळी, पावती तिच्या नावाने करा आणि त्या पावतीचा एक फोटो तिच्या मोबाईलमध्ये असू द्या.