भंडारा : मतदानाची टक्केवारी आणि राजकीय कल

निवडणूक संपली की "हे शहर अमुक पक्षाचं" असा शिक्का लगेच बसतो. आपल्या वस्त्यांबद्दल तर हा शिक्का निकालाआधीच बसलेला असतो. वस्त्यांमध्ये मतदार नोंदणीचे काम करताना आम्हाला एक गोष्ट वारंवार जाणवली : निकाल कोणाकडे झुकला याची चर्चा होते, पण किती जण मतदानाला गेलेच नाहीत याची होत नाही. भंडाऱ्याची आकडेवारी या दृष्टीने वाचण्यासारखी आहे.

शहर आणि मतदारसंघ

वैनगंगेकाठचे भंडारा हे जिल्ह्याचे ठिकाण. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ९२ हजार. येथे नगरपरिषद आहे. विधानसभेचा भंडारा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव असून त्यात पवनीचा भागही येतो. लोकसभेसाठी भंडारा-गोंदिया मतदारसंघ आहे.

आंबेडकरी चळवळीला भंडारा आठवते ते १९५४ च्या पोटनिवडणुकीमुळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे येथून लोकसभेसाठी उभे होते. मतदारसंघ दोन जागांचा होता, त्यामुळे प्रत्येक मतदाराला दोन मते होती. सर्वसाधारण जागा प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांनी जिंकली. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर आठ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले.

चार निवडणुका, चार आकडे

भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघातील मते (पूर्णांकात) :

- २०१४ : मतदान सुमारे ७२ टक्के. भाजप ६ लाख ६ हजार, राष्ट्रवादी ४ लाख ५७ हजार.
- २०१८ (पोटनिवडणूक) : सुमारे ५३ टक्के. राष्ट्रवादी ४ लाख ४२ हजार, भाजप ३ लाख ९४ हजार.
- २०१९ : सुमारे ६९ टक्के. भाजप ६ लाख ५० हजार, राष्ट्रवादी ४ लाख ५३ हजार.
- २०२४ : सुमारे ६७ टक्के. काँग्रेस ५ लाख ८७ हजार, भाजप ५ लाख ५० हजार.

नाना पटोले यांच्या राजीनाम्यामुळे २८ मे २०१८ ला पोटनिवडणूक झाली. ऐन उन्हाळ्यात यंत्रे बिघडली आणि ३० मे रोजी ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे निवडून आले आणि "वारे फिरले" असे म्हटले गेले. पण आकडे पाहा : राष्ट्रवादीची मते २०१४ पेक्षा वाढली नव्हती, थोडी घटलीच होती. भाजपची मात्र दोन लाखांहून अधिक मते कमी झाली आणि वर्षभरात ती परतही आली. काहींनी बाजू बदलली असेलही, पण मुख्य फरक घरी राहिलेल्या मतदारांचा होता.

२०२४ चे चित्र वेगळे. टक्केवारी फारशी बदलली नाही, तरी काँग्रेसचे डॉ. प्रशांत पडोळे सुमारे ३७ हजारांनी जिंकले. हा कलातला बदल होता. २०१९ मध्ये बसप आणि वंचित बहुजन आघाडीची मते मिळून लाखाच्या जवळ होती, २०२४ मध्ये ती जवळपास निम्म्यावर आली. त्या निवडणुकीत संविधानाचा मुद्दा गाजला होता. पुढे सहा-सात महिन्यांत झालेल्या विधानसभेत मात्र भंडाऱ्यातून शिवसेनेचे (शिंदे) नरेंद्र भोंडेकर निवडून आले. तेव्हा कायमचा कल असे काही गृहीत धरू नये.

शहराचा कल कसा ओळखावा?

वरील आकडे संपूर्ण मतदारसंघाचे आहेत; त्यावरून शहराचा निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी 'नमुना २०' पाहावा लागतो. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कोणत्या उमेदवाराला किती मते पडली ते असते. एका केंद्रावर साधारण हजार-दीड हजार मतदार असतात, त्यामुळे वस्तीचे चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होते. राजकीय पक्ष हा तक्ता बारकाईने वाचतात. आपण वाचत नाही, आणि नाली, रस्ता, घरकुलासाठी जाताना हातात आकडा नसतो.

मतदार कुठे गळतो?

आमच्या कामात तीन कारणे पुन्हा पुन्हा समोर आली. पहिले, यादीतून गायब झालेले नाव. घर बदलले, लग्न झाले की नाव जुन्याच केंद्रावर राहते किंवा वगळले जाते. दुसरे, नागपूर-पुण्याला कामाला गेलेली माणसे. स्थलांतरित मजुराला टपाली मतदानाची सोय नाही आणि एका दिवसाची मजुरी बुडवून येणे परवडत नाही. तिसरे, "मत दिले तरी काय बदलते?" हा प्रश्न. २०२१-२२ नंतर राज्यातील बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक बसले आणि दारातला नगरसेवकही उरला नाही, तेव्हा हा प्रश्न आणखी बोचरा झाला.

पहिल्या कारणावर उपाय आपल्या हाती आहे. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदल वा दुरुस्तीसाठी नमुना ८ भरावा. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चार तारखांना १८ वर्षे पूर्ण होणाऱ्यांना नाव नोंदवता येते. नगरपरिषदेची यादीही विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते, म्हणून तेथे नाव नसेल तर प्रभागातही मत नाही.

बुद्ध विहारात दर पौर्णिमेला आपण जमतोच. त्यातल्या एका पौर्णिमेला आपल्या केंद्राची यादी आणून मोठ्याने वाचावी, एवढे आम्ही सुचवतो. कोणाला मत द्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे, पण यादीत नाव नसलेल्या माणसाला ठरवण्याची संधीच मिळत नाही.