राळ आणि पिशवी

अल गराफातून समुद्र दिसत नाही. गाडी काढून दोह्याच्या कॉर्निशवर गेलात, की ओळीने बांधलेल्या लाकडी धाऊ दिसतात. एखादीच्या फळीवर हात ठेवून बघा. आखातात साग उगवत नाही, त्यामुळे इथल्या जहाजांचं लाकूड शतकानुशतकं मलबारातून यायचं, आणि नारळाचा काथ्याही. खिळे न मारता फळ्या काथ्याने शिवायच्या, ही इथली जुनी रीत. मार्को पोलोला होर्मुझची अशी जहाजं अजिबात भरवशाची वाटली नव्हती.

फळ्यांमधल्या फटी बुजवायला तेल आणि राळ. हा आपला जुना शब्द, झाडाच्या चिकाचा. सोंगांच्या खेळात मशालीवर उडवायचे तीच. आज फायबरच्या बोटीत वापरतात तिला आपण सरळ रेझिन म्हणतो, पण काम तेच: पाणी बाहेर ठेवायचं आणि सुटे धागे एकजीव करायचे.

काचेचे धागे आणि पॉलिएस्टर रेझिन यांची बोट 1942च्या सुमारास अमेरिकेत ओहायो राज्यात तयार झाली. पद्धत सोपी: साच्यावर कापड पसरा, ब्रशने रेझिन चोपडा, रोलर फिरवून हवा काढा. कोकणातल्या बंदरांत आज दिसणाऱ्या बऱ्याच फायबरच्या होड्या अशाच हाताने घडतात. यात रेझिन किती लागेल ते कारागिराच्या हातावर, आणि स्टायरीनची वाफ त्याच्या फुप्फुसात. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात एकदा तो वास घेतलात तर विसरणार नाही.

म्हणून दुसरी वाट. कापड साच्यात कोरडंच ठेवायचं, वर सोलून निघणारं कापड, मग रेझिन पसरवणारी जाळी, आणि सगळ्यावर प्लॅस्टिकची पिशवी, कडेने चिकट पट्टीने बंद. पंपाने हवा काढली की बाहेरची हवा दर चौरस मीटरला जवळजवळ 10 टनांनी दाबते. मग नळी उघडायची आणि रेझिन आपोआप आत शिरतं. 1950 साली अर्विंग मस्कट यांना अशा तऱ्हेचं पेटंट मिळालं (ओमानच्या मस्कतशी संबंध नाही, आडनाव आहे). लवचीक पिशवी आणि पसरवणारी जाळी यांची जोडी जमवून 1990 साली पेटंट घेतलं ते विल्यम सीमन यांनी. पुढे स्टायरीनवरचे नियम कडक होत गेले, तशी बोटींच्या कारखान्यांना बंद पिशवी परवडायला लागली.

शिकायला बसाल तेव्हा गणित मात्र 1856चं आहे. फ्रान्समधल्या दीजाँ शहराचं पाणी वाळूतून गाळताना आँरी दार्सी यांनी मांडलेला नियम. त्यातून निघतं असं: एकाच टोकातून रेझिन सोडलं तर दुप्पट अंतराला चौपट वेळ. म्हणून मोठ्या बोटीत रेझिनच्या नळ्या जागोजागी ठेवाव्या लागतात. आणि कतारच्या उन्हाळ्यात? उष्णतेने रेझिन पातळ होऊन पळतं खरं, पण आळतंही झपाट्याने. तापमान 10 अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा. अर्ध्या वाटेत आळलं तर पुढचं कापड कोरडंच राहतं. ब्रशने चोपडताना चूक सुधारता येते, इथे नाही. म्हणून रेझिन कालवण्याआधी पंप बंद करून दाब टिकतो का ते घड्याळ लावून बघायचं. पिशवीला सुईएवढं भोक असेल तर ते याच वेळी कळायला हवं. घाई करणारे नेमकी हीच पायरी गाळतात.

आता गोव्याच्या दिवाडी बेटाकडे चला. रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात 2009 साली नौदलासाठी ‘म्हादेई’ तयार झाली. मध्ये लाकूड, दोन्ही बाजूंना काचकापड आणि रेझिन. कमांडर दिलीप दोंदे तीच बोट घेऊन एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, 2010 साली. पुढे त्याच दांडेकरांनी नौदलासाठी दुसरं जहाज बांधलं ते काथ्याने शिवून, नारळाचे धागे आणि नैसर्गिक राळ वापरून: ‘कौंडिण्य’. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या सुतारांनी ते शिवलं. 2025च्या डिसेंबरअखेर ते पोरबंदरहून शीड लावून निघालं, मस्कतकडे.