१४७५७३९५२५८९६७६४१२९२७ : अवयव नाहीत, पण मूळही नाही

मागच्या लेखात 'अस्तित्व सिद्ध करणं' आणि 'प्रत्यक्ष शोधून दाखवणं' यातला फरक निसटता आला होता. त्याचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण म्हणजे वरची २१ अंकी संख्या. २ चा ६७ वा घात घ्या, १ वजा करा, ती मिळते.

१६४४ साली मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने अशा रूपातल्या कोणत्या संख्या मूळ आहेत, याची २५७ घातापर्यंतची यादी छापली. त्यात ६७ होता. तपासणार कोण आणि कसं? यादी तशीच चालत राहिली. १८७६ मध्ये एदुआर ल्यूकाने आपल्या नव्या पद्धतीने दाखवलं की ही संख्या मूळ नाही. गंमत अशी, की त्याच्या हातात एकही अवयव नव्हता! भागाकार न करताच 'भाग जातो' हे कळलं होतं. पुढे ६१ चा घात मूळ संख्या देतो हे सिद्ध झालं (मर्सेनच्या यादीत तो नव्हता), तेव्हा ६७ ही छपाईची चूक असावी असंही काहींना वाटलं.

मग अवयव शोधायला अडचण काय? नियम असा, की इथला प्रत्येक मूळ अवयव १३४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असतो. शिवाय त्याला ८ ने भागल्यावर १ किंवा ७ च उरतात. चाळणी चांगलीच बारीक आहे. तरी लहान अवयवापर्यंत पोचायला अंदाजे ८० हजार मूळ संख्या तपासाव्या लागतात, आणि त्याही हाताने. फ्रँक नेल्सन कोल यांनी सरळ भाग देत बसण्याऐवजी शेषांवर आणखी बंधनं घालून ही चाळणी अजून घट्ट केली.

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत त्यांनी उत्तर मांडलं: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७.

कोल एक शब्दही न बोलता फळ्यावर गुणाकार करून जागेवर बसले, टाळ्या पडल्या, आणि 'किती वेळ लागला?' याला 'तीन वर्षांचे रविवार' हे उत्तर, हा किस्सा तुम्ही ऐकला असेलच. तो आपल्यापर्यंत आला एरिक टेंपल बेल यांच्या १९५१ च्या पुस्तकातून, म्हणजे घटनेनंतर ४८ वर्षांनी. आणि बेल गोष्ट रंगवून सांगण्यासाठी प्रसिद्धच! प्रबंधात हा किस्सा घ्यायचा असेल तर 'बेल सांगतात' असंच लिहा. कोल यांचा निबंध मात्र सोसायटीच्या बुलेटिनमध्ये छापलेला आहे; त्यात पद्धत आहे, रविवार शोधू नका.

गुणाकारावर मात्र कोणाचीच साक्ष लागत नाही. १ गुणिले ७, शेवटचा अंक ७ जमला. उरलेले वीस तुम्ही कागदावर करून बघा.