अनेक हातांचे पांघरूण

तुळजापूरची भवानी वर्षातून तीन वेळा निद्रा घेते, हे तिच्या भक्तांना ठाऊक असते. परंतु ज्या गादीवर तिला निजवायचे ती गादी कोण भरते आणि त्या भरण्याला किती हात लागतात, याकडे यात्रेच्या गर्दीत फारसे कोणाचे लक्ष जात नाही. भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंतची घोर निद्रा, सीमोल्लंघनानंतर कोजागरीपर्यंतची श्रमनिद्रा आणि पौषातल्या शाकंभरी नवरात्राआधीची मोहनिद्रा, अशा या तीन मंचकी निद्रा. येथील मूर्ती चल असल्यामुळे ती सिंहासनावरून उचलून खरोखरीच शेजघरातील पलंगावर निजविली जाते, आणि म्हणूनच गादीची सिद्धता हा इथे उपचार न राहता एक काम होऊन बसतो. कापूस पिंजण्याचा मान परंपरेने पिंजारी घराण्याकडे, म्हणजे एका मुसलमान कुटुंबाकडे, चालत आला आहे. कापूस वेचून, कचरा काढून तो साफ करायला गावातल्या बायका बसतात. आणि दसऱ्याचा पलंग घोडेगावी घडून जुन्नर-नगरच्या वाटेने, तर पालखी बुऱ्हाणनगरच्या तेली घराण्याकडून, शेकडो मैलांची मजल करीत तुळजापुरास पोचते. देवीच्या एका झोपेसाठी इतक्या जातींचे, इतक्या गावांचे आणि दोन धर्मांचे हात लागावेत, यात मला तिच्या पराक्रमाच्या कथांइतकाच अर्थ दिसतो.

मोहनिद्रेतून देवी उठते ती शाकंभरी नवरात्राला. शाकंभरी ही दुष्काळात आपल्या देहातून पालेभाज्या आणि फळमुळे उपजवून लोकांना जगविणारी देवता; आणि ज्या धाराशिव जिल्ह्याला पाऊस नेहमी हात आखडूनच मिळत आला, ज्याने १८७६–७८ चा, १८९९–१९०० चा आणि १९७२ चा दुष्काळ अंगावर काढला, त्या जिल्ह्यात हिरव्या पानाची पूजा व्हावी हे स्वाभाविकच आहे. अंथरूण-पांघरुणाचा विचार आणि वनस्पतीचा विचार हे दोन्ही या भूमीत असे शेजारी शेजारी नांदत आले आहेत.

याचा आणखी जुना पुरावा जिल्ह्यातच, तेरणेच्या काठी आहे. संत गोरोबाकाकांचे तेर म्हणजेच प्राचीन तगर, ही गोष्ट फ्लीट या पंडिताने १९०१ साली सिद्ध केली. आणि तगराचे नाव इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या, ‘पेरिप्लस’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत कापडाच्या संदर्भातच येते. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या अंतरावर असलेल्या या नगरातून साधे जाडेभरडे कापड पुष्कळ, नाना प्रकारची मलमल आणि मॅलो या वनस्पतीच्या नावाने ओळखले जाणारे वस्त्र, हा सर्व माल गाड्यांत भरून, रस्ते नसलेल्या प्रदेशांतून भडोचच्या बंदरास जात असे. आता वनस्पतिशास्त्रज्ञांच्या हिशोबाने त्याच मॅलोच्या कुळात कापूस येतो, अंबाडी येते आणि आपली भेंडीही येते. ते वस्त्र नेमके कशाचे होते यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा, परंतु कापूस आणि अंबाडी या दोघांची मिरास या काळ्या जमिनीत फार जुनी आहे आणि बाजेच्या चऱ्हाटापासून अंगावरच्या पांघरुणापर्यंत इथल्या माणसाची रात्र याच एका कुळाच्या आश्रयाने गेली आहे, एवढे म्हणायला हरकत नसावी. तेरच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची जी प्रसिद्ध पुतळी आहे, जिची बहीण शोभेल अशी दुसरी पुतळी इटलीतल्या पॉम्पेईच्या राखेत सापडली, ती पाहायला लोक लांबून येतात. त्या पुतळीच्या काळात तेरच्या बायका रात्री काय पांघरत, हे सांगणारी वस्तू मात्र कोणत्याच संग्रहालयात असणे शक्य नाही; कापूस आपल्या हवेत दोन हजार वर्षे टिकत नाही.

जे विकले जाते त्याची नोंद होते आणि जे घरात मुरते त्याची होत नाही, हा दफ्तराचा नियम ग्रीक व्यापाऱ्यापासून निजामाच्या करोडगिरी म्हणजे जकात खात्यापर्यंत सारखाच लागू पडतो. १८५३ साली याच जिल्ह्यातला नळदुर्गचा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि १८६० साली परत निजामाकडे आला. मधल्या काळात तिथे अंमलदार असलेल्या मेडोज टेलरसाहेबाने आपल्या आत्मचरित्रात नळदुर्गच्या कारभाराविषयी बरेच लिहिले आहे, परंतु वाकळेचा, म्हणजे जुन्या लुगड्यांच्या गोधडीचा, इतिहास साहेबाकडून मिळावा अशी अपेक्षा कोणी करू नये. पुढे १९०९ साली तुळजाभवानीच्या देवळाच्या कारभारासाठी ‘देऊल-ए-कवायत’ ही नियमावली झाली. देवळाच्या मानकऱ्यांचा मान असा परंपरेच्या आणि कायद्याच्या दुहेरी छत्राखाली सांभाळला गेला. घराघरांतल्या अंथरुणाला कोणी मानकरी नव्हता, म्हणून त्याला कवायतही नव्हती.

दरम्यान निजामाच्या सरहद्दीपलीकडे सोलापुरात गिरण्यांचे भोंगे वाजू लागले होते. अडीच फूट रुंदीची बार्शी लाईट रेल्वे १८९७ साली बार्शीस आली आणि येडशी, ढोकी अशी मजल करीत १९११ साली लातुरास पोचली. तिच्या डब्यांतून या बाजूचा माल बाहेर गेला आणि गिरणीचे कापड आत आले. पद्मशाली कारागिरांनी नावारूपाला आणलेली सोलापुरी चादर, तिच्यावरच्या वेलबुट्टीसह, खेड्यापाड्यांतल्या रुखवतांत मांडली जाऊ लागली. ती चादर पाहुण्यासाठी. घरच्या माणसांसाठी वाकळ.

वाकळेचा जन्म गिरणीच्या कापडाच्या मरणातून होतो. नऊवारी लुगडे आधी सणाला, मग रोजच्याला, मग शेतात नेसले जाते. विरले की त्याचे धडोते होते, आणि धडोत्यातले जे धड ते वाकळेच्या अस्तराला व जे फाटके ते तिच्या पोटात जाते. सुगी सरून रब्बीची ज्वारी कणगीत पडली आणि चैत्र-वैशाखातल्या दुपारी रिकाम्या झाल्या, म्हणजे लिंबाच्या सावलीत जमीन सारवून, किंवा ऐसपैस ओसरीवर, लुगडे अंथरले जाई. त्यावर धोतरांचे, सदऱ्यांचे, खणांचे तुकडे एकावर एक रचले जात. वरून दुसरे लुगडे घालून कडा आत मुडपल्या जात, आणि मग आळीतल्या बायका आपापली सुई घेऊन चारी बाजूंनी बसत. धावदोरा बाहेरच्या काठापासून सुरू होई आणि फेऱ्यामागून फेरा घेत मध्याकडे सरके, त्यामुळे काम पुढे जाईल तशा बायकाही सरकत सरकत एकमेकींच्या जवळ येत. जुनी वाकळ उजेडात धरून न्याहाळली तर हे हात वेगळे काढता येतात: एका बाजूचा टाका ज्वारीच्या दाण्याएवढा आणि अगदी एकसारखा, दुसऱ्या बाजूचा लांब, घाईचा, मध्येच गाठ मारलेला, एका कोपऱ्यात दोरा पांढरा, दुसऱ्यात लुगड्याच्या काठातून ओढून काढलेला तांबडा. ज्या बाईची वाकळ, तिने चहा करावा, शेंगा-गूळ पुढे ठेवावा. उद्या दुसरीची वाकळ. पुरुषांनी मिळून एकाच्या रानात नांगर धरले तर त्याला आपण इर्जिक म्हणतो आणि ग्रामीण सहकाराचा आद्य नमुना म्हणून त्याचे गोडवे गातो. त्यांच्याच घरातल्या बायकांनी वर्षानुवर्षे हेच केले, त्याला मात्र रिकामपणाचा उद्योग म्हटले गेले. हा पक्षपात आहे, आणि तो साधासुधा नाही.

वाकळेवर फुले-पाने येतात ती बहुधा लुगड्याच्या छापातून आणि खणाच्या काठातून, कापडाबरोबर आयती; परंतु उरलेल्या रंगीत तुकड्यांचे त्रिकोण जोडून केलेली पाकळी, मधोमध बसविलेले चांदणीसारखे फूल, अशी हौसही सुगरण हातांनी केलेली आढळते. तांड्यावरची बंजारा स्त्री या बाबतीत अधिक उदार: तिच्या फेटियावर आणि कांचळीवर आरसे, कवड्या आणि रंगीत टाके यांची जी दाटी असते, तिच्यापुढे गावातली वाकळ वैरागिणीसारखी दिसते. दक्षिणेला, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या रानांत राहणाऱ्या सिद्दी बायका ‘कवंदी’ नावाची गोधडी करतात. तिच्या चारही कोपऱ्यांना घडीचे त्रिकोण लावून त्यांना त्या फुले म्हणतात, आणि फुलांवाचून कवंदी उघडीनागडी मानली जाते. जुनेर शिवण्याची ही विद्या सबंध दख्खनची आहे. कोणा एका जिल्ह्याने तिच्यावर वतन सांगू नये, धाराशिवनेही नाही.

घोंगडीची गोष्ट निराळी आहे. तिथे धनगराची मेंढरे, त्याच्या घरच्या बाईचे सूत, सनगराचा माग आणि चिंचोक्याची खळ असा श्रमविभाग ठरलेला, आणि माल बाजारात जाणारा. तिच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

आता शहरांतून आणि तालुक्याच्या गावांतूनही क्रोशाच्या सुईने पाने-फुले विणून, प्रत्येकीने आपापला चौकोन करून, ते जोडून एक मोठे पांघरूण करण्याचा जो सामुदायिक उपक्रम चालतो, त्याची वंशावळ थोडी सांगितली पाहिजे, कारण तिचेही मूळ दुष्काळातच आहे. १८४५ ते १८४९ या वर्षांत आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजून माणसे मेली, तेव्हा मठांतल्या जोगिणींनी उपाशी घरांतल्या मुलींना क्रोशा शिकविला. एका घराने फक्त गुलाब विणायचे, दुसऱ्याने फक्त तिपानी, तिसऱ्याने द्राक्षाचे घड, आणि कोणा चौथीने ते सारे जाळीने जोडायचे, अशी ती पद्धत होती. आपल्याकडे गोदावरीच्या मुखाजवळच्या नरसापूरला स्कॉटलंडहून आलेल्या मॅक्रे या मिशनरी दांपत्याने १८४४ च्या सुमारास जाळी विणण्याची कला नेली. तेरणेचे पाणी मांजरेतून गोदावरीला आणि तिथून नरसापुराकडेच जाते, हा निव्वळ भूगोल. पण मरिया मीस या जर्मन विदुषीने १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात त्या जाळीवालींविषयी जे दाखविले, की त्यांची जाळी परदेशी विकली जात असताना त्या स्वतः मात्र घरी बसलेल्या गृहिणीच समजल्या गेल्या, ते वाचताना लिंबाखालची वाकळ डोळ्यांपुढे आल्याशिवाय राहत नाही.

मराठी घरांत क्रोशा आला तो हस्तकलेच्या तासातून: साखळी, खांब, मुका खांब हे शब्द मुली परकराच्या वयातच शिकत, आणि त्यातून दारावरचे तोरण, रेडिओवरचा रुमाल, पुढे दूरदर्शन संचाचे आच्छादन असा संसार सजे. सामुदायिक विणकामाने मोठी मजल मारली ती ३१ जानेवारी २०१६ रोजी, चेन्नईत, जेव्हा देशभरातल्या बायकांच्या एका मंडळाने क्रोशाचे चौकोन जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचे पांघरूण सिद्ध केले आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. ही नोंद मला आवडते. मोजमापासाठी नव्हे, तर बायकांनी मिळून केलेले पांघरूण अखेर कोणाच्या तरी वहीत चढले, यासाठी.

धाराशिवमध्ये मात्र अशी वही कधी उघडलीच नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने सास्तूर आणि त्या पट्ट्यातली गावे जाडजूड मातीदगडी भिंतींखाली गाडली. देशभरातून रग आणि चादरी येऊन पडल्या. आणि पुढे घरे उभारण्याच्या कामात बायकांचे गट पुढे आले, ज्यांतून प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेचे काम जिल्ह्यात रुजले. जुन्या पेट्या आणि उतरंडी यांच्याबरोबर त्या रात्री किती वाकळी मातीत गेल्या याचा पंचनामा कोणी केला नाही, कारण पंचनाम्याच्या नमुन्यात जुनेराला किंमत नसते.

वाचकांना म्हणून एकच विनंती आहे. ज्यांच्या घरी अशी वाकळ अजून असेल त्यांनी ती दानाला किंवा भंगाराला देण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वयस्कर बाईसमोर अंथरावी, कोणते लुगडे कोणाचे, कोणता टाका कोणत्या शेजारणीचा हे तिला विचारावे, आणि ती सांगेल ती नावे, साल-संवत आठवत असेल तर तेही, एका कागदावर लिहून तो कागद वाकळेच्याच घडीत ठेवावा. तेरच्या संग्रहालयाने एखादे दालन त्यासाठी राखले तर फारच उत्तम. न राखले तरी कागदाला खर्च येत नाही.